मदत हवी आहे: हळदीच्या पाकिटावर अक्षर कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा बचत गट हळद पावडर विकतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आमचा मालही चोख आहे. अडलंय पाकिटावरच्या अक्षरापाशी.

जुन्या पाकिटावर जाडजूड लाल अक्षरं, पिवळी किनार, मागे सावली. आठवडी बाजारात लांबूनच नजरेत भरतं. मॉलवाले मात्र म्हणतात, "स्वस्तातलं दिसतंय." म्हणून डिझायनरने बारीक, अंतर सोडलेली अक्षरं आणि भरपूर कोरी जागा असा नमुना दिला. इंग्रजीत असं अंतर महागडं दिसतं खरं, पण देवनागरीत शिरोरेषाच तुटते आणि शब्द विस्कटतो. शिवाय नेहमीच्या गिऱ्हाईक बायका नमुना बघून म्हणाल्या, "हे आपल्यासाठी नाही वाटतं." दर तोच, हळद तीच! हे मला फार लागलं.

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे मोफत फॉन्ट पाहिलेत. मुक्त सरळ-साधा, बलू गुबगुबीत. दोन्हींत शिरोरेषा शाबूत राहते.

दोन्हीकडे चालेल असं अक्षर कुणी वापरलंय का? नुसतं नाव सुलेखनकाराकडून लिहून घ्यावं का? आणि छोट्या पाउचवर मात्रा-वेलांट्या शाईने भरू नयेत म्हणून काय करता? छपाईतल्या जाणकारांनी नक्की सांगा, पुढची पाकिटं छापायची थांबवली आहेत.