शब्दचर्चा: 'फोक मेटल'ला मराठीत नक्की काय म्हणायचं?

उंबरठा:
मंडळी, मदत हवीये. एका दिवाळी अंकाला फिनलंडच्या बँडांवर लेख दिला होता, म्हणजे तिकडची जुनी लोकगीतं नि हेवी मेटल (कडक गिटार नि दणदणीत ड्रम्सचं रॉक) एकत्र, म्हणजेच 'फोक मेटल', वाजवणारे जे बँड आहेत त्यांच्यावर. अंक हातात आला आणि कपाळाला हात लावला. मुद्रितशोधकांनी 'हेवी मेटल'चं सगळीकडे 'जड धातू' केलंय. 'अमॉर्फिस हा १९९० पासून जड धातू वाजवणारा हेलसिंकीचा गट' असं छापलंय आणि वर माझं नाव. बायको म्हणाली, भंगारवाल्यांवर लेख लिहिलास का.

तर प्रश्न दोन. मेटलला मराठी शब्द शोधायचा की तसाच ठेवायचा हा एक. दुसरा जास्त छळतोय, लेखात मी 'मिश्रण' हा शब्द अकरा वेळा वापरलाय (मोजले) आणि आता तो खुपतोय. मिश्रण म्हणजे चिवडा, त्यातून शेंगदाणे वेचून काढता येतात. या लोकांच्या चांगल्या गाण्यांमधून लोकसंगीत असं वेचून काढताच येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडीसाखर:
जड धातू =)) नदीच्या पाण्यात शिसं-पारा सापडला की बातमीत येतो तो शब्द. शिवाय आपल्याकडे कर, जा, ये हेही धातूच. 'लोकधातू' केलंत तर लोक म्हणतील व्याकरणाचं पुस्तक आहे.

रात्रपाळी:
फिनलंडात, एस्पो शहरात, सहा वर्षं झाली, म्हणून चोंबडेपणा करतो. फिनिश लोकांनी हा घोळ आधीच निस्तरलाय. 'रास्कासमेताल्ली' म्हणजे शब्दशः जड धातू, पण तो शिसं-पाऱ्यासाठी. गाण्याला ते सरळ 'हेवी' म्हणतात, आणि इंग्रजी स्पेलिंग फेकून देऊन एच ई व्ही आय असं लिहितात, त्यांच्याकडे बोलतो तसं लिहायचं हा शिरस्ताच आहे. २००९ पासून लहान मुलांसाठी डायनासोरचे पोशाख घालून मेटल वाजवणारा एक बँड आहे, त्याचं नाव हेविसाउरुस!

अवांतर: आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटात केळ्यांच्या वर 'हेवी' अशी पाटी दिसली. मला वाटलं या देशात मेटल इतकं खोलवर गेलंय की भाजी घेतानाही तेच. मागून कळलं की फळं म्हणजे 'हेदेल्मॅत' आणि भाज्या म्हणजे 'विहान्नेक्सेत', दोन्हीची पहिली दोन दोन अक्षरं घेऊन हेवी. तेव्हा मेटलला मेटलच राहू द्या, पहिला प्रश्न निकालात.

सुकट:
मग दुसऱ्यासाठी 'धेडगुजरी' चालेल की. नाहीतर फ्यूजन.

गवती चहा:
सुकट, धेडगुजरी नका वापरू. त्या शब्दात एका जातीचं नाव हिणवायला घातलंय, सवयीने तोंडात येतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही इतकंच. आणि फ्यूजन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सतारीशेजारी गिटार मांडून दोघंही एकमेकांकडे बघून माना डोलावतायत असंच येतं.

सुकट:
हो, मान्य. शब्द मागे.

तिरफळ:
मी ड्रम्स वाजवतो (हौशी, शेजारी साक्षीला आहेत). उंबरठा म्हणताहेत की वेचून काढता येत नाही, त्याचं कारण माझ्या मते तालात आहे. फिनट्रोल ऐका, हेलसिंकीचाच बँड, १९९७ चा. त्यांच्यात 'हुम्प्पा' नावाचा नाचाचा प्रकार भरलाय. शब्द अनुकरणवाचक आहे, आपल्या ढमढम-खणखणसारखा, बँडबाजातल्या मोठ्या पितळी वाद्याचा जो ऊम्-पा ऊम्-पा आवाज येतो त्यावरून, आणि १९५० च्या दशकात आन्तेरो आल्पोला नावाच्या रेडिओवाल्यांनी तो रूढ केला. म्हणजे फार प्राचीन वगैरे काही नाही बरं का. आता गंमत अशी की हुम्प्पा काय किंवा युरोपातला पोल्का नाच काय, दोन मात्रांचा खेळ, मात्रेवर ढम् आणि मधल्या जागेत चक्. ढम्-चक्-ढम्-चक्. आणि थ्रॅश मेटलचा (मेटलचाच एक प्रकार) जो वेगवान ठेका आहे ना, पायाने ढम् नि स्नेअर ड्रमवर चक्, तो अक्षरशः हाच. फक्त घाम जास्त. त्यामुळे अ‍ॅकॉर्डियन बंद केलं तरी पोल्का जात नाही, तो ड्रमरच्या पायात असतो. त्यांचा २००१ चा अल्बम लावा, 'याक्टेन्स टीड', मग सांगा.

खडीसाखर:
हे नाव स्वीडिश वाटतंय?

रात्रपाळी:
स्वीडिशच. शिकारीचा काळ. फिनलंडमध्ये साधारण पाच टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे, फिनट्रोल त्या भाषेत गातात. अमॉर्फिस इंग्रजीत, मूनसॉरो फिनिशमध्ये. म्हणून 'फिनिश लोकसंगीत' म्हणताना जरा जपून, उंबरठा. आणि कोर्पिक्लानीचं तर मूळच वेगळं. त्यांचा गायक योन्ने यॅर्वेलॅ आधी सामी लोकांचं 'योइक' गायचा. सामी हे उत्तरेचे मूळ रहिवासी, फिन लोकांपेक्षा वेगळे, भाषा वेगळ्या. योइक कुणाविषयी नसतं असं ते म्हणतात, म्हणजे डोंगराविषयी किंवा आज्जीविषयी गात नाहीत, डोंगरालाच गातात, आज्जीलाच गातात. हे मराठीत कसं सांगायचं मला कधीच जमलं नाहीये.

गवती चहा:
अहो, 'आळवणे'! देवाला आळवतो आपण, देवाविषयी आळवत नाही. विठ्ठलाला आळवलं म्हणतो तेव्हा तो समोर आणायचा असतो, त्याची माहिती द्यायची नसते.

रात्रपाळी:
दंडवत घ्या. सहा वर्षं अडलं होतं.

उंबरठा:
वा, हे फारच आवडलं. यावरून आठवलं, फिनिशमधलं 'लाउला' म्हणजे गाणे हे क्रियापदही कालेवालात, म्हणजे फिनिश महाकाव्यात, असंच जादूचं आहे. म्हातारा वॅइनॅमॉइनेन आणि पोरगेला योउकाहाइनेन यांची जुंपते तेव्हा तलवार निघत नाही, म्हातारा नुसता गातो आणि पोरगा दलदलीत रुतत जातो, गळ्यापर्यंत. शेवटी बहीण देतो म्हणून सुटका मागतो (बहिणीला कुणी विचारलेलं नाही, ते दुःख पुढे आहेच). गाण्याने माणूस जमिनीत गाडता येतो असं ज्यांच्या जुन्या काव्यात आहे त्यांना मेटल उपरं का वाटावं?

आणि छंद बघा. एल्यास ल्यॉनरोटने गावोगाव फिरून गाणी गोळा केली, १८३५ मध्ये पहिलं कालेवाला, १८४९ मध्ये वाढवलेलं, २२,७९५ ओळी. मधे १८४० ला 'कान्तेलेतार', ते आपल्या जात्यावरच्या ओव्यांच्या जवळचं, बरीचशी बायकांची गाणी. ओळीत आठ अक्षरं, छोट्या अभंगाच्या चरणात असतात तशी. वा-का वान्-हा वॅइ-नॅ-मॉइ-नेन. बोटं मोजून म्हणा, पण शेवटची दोन लांबवायची, मॉऽइ-नेऽन, म्हणजे आठ अक्षरं पाच मात्रांत बसतात. चालही बहुतेक पाच सुरांतच फिरते, कारण जुन्या कान्तेलेला ताराच पाच (वाद्य दिसायला साधारण स्वरमंडळ, मांडीवर घेऊन छेडायचं). पाच सूर, तीच ओळ थोडी बदलून पुन्हा, पुन्हा. मेटलवाले ज्याला रिफ म्हणतात ते याहून काय वेगळं असतं. अमॉर्फिसने १९९४ मध्ये कालेवालावर अल्बम केला, १९९६ मध्ये कान्तेलेतारवर, शब्द इंग्रजीत होते तरी ते जुनं वळण गिटारमधून ऐकू येतं.

म्हणून माझा प्रस्ताव: 'संमिश्र'. शाळेत नववी-दहावीला होतं ना, मिश्रण वेगळं, संयुग वेगळं, संमिश्र वेगळं. तांबं आणि कथील वितळवून कासं होतं, ते दोघांपेक्षाही कणखर. मेटल शब्दाशीही जुळतं. कसं?

खडीसाखर:
कोटी उत्तम, पण 'कार्यक्रमाला संमिश्र प्रतिसाद' म्हणजे अर्धे उठून गेले असा अर्थ होतो. 'संमिश्र संगीत' छापलंत तर तिकिटं खपायची नाहीत.

तिरफळ:
+१. आणि सगळेच बँड काही कासं नाहीत हो. काहींनी नुसती फोडणी दिलीय, मधे दहा सेकंद बासरी की झालं फोक.

उंबरठा:
अर्र. प्रतिसादाचं डोक्यातच नाही आलं.

गवती चहा:
मला गाण्यातलं कळत नाही, मुलाच्या खोलीतून येतं तेवढंच. पण नाम शोधायच्या नादाला का लागताय? क्रियापद घ्या. पुरण करताना आपण 'एकजीव झालं' म्हणतो, लोणचं 'मुरलं' म्हणतो. तिरफळांनी ड्रमरच्या पायाचं सांगितलं ते एकजीव होणं. आणि ती दहा सेकंदांची बासरी म्हणजे कालचं लोणचं, फोड वेगळी, खार वेगळा.

रात्रपाळी:
मुरलं हे अगदी बरोबर, कारण वेळ लागलाय. यॅर्वेलॅने १९९३ ला शामानी दुओ म्हणून सुरू केलं, मग त्याचं शामान झालं, मग २००३ ला कोर्पिक्लानी. दहा वर्षं बरणीत. नावाचं भाषांतरही राहून गेलं, 'कोर्पी' म्हणजे स्प्रूसच्या झाडांचं ओलसर, दलदलीचं दाट रान, जिथे बूट रुततात (स्वानुभव, एक बूट अजून तिथेच आहे). 'क्लानी' म्हणजे कूळ.

सुकट:
म्हणजे रानातली भावकी!

रात्रपाळी:
हो, आणि त्यांची पिण्यावरची गाणी ऐकलीत तर भावकी हाच शब्द पटेल.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. माझ्याकडच्या प्रतीतून 'मिश्रण' अकराच्या अकरा काढले. तीन ठिकाणी मुरलं, दोन ठिकाणी एकजीव, बाकी वाक्यं त्या शब्दाशिवायच बरी निघाली. अंकाच्या कार्यालयात फोन केला होता, जड धातूची दुरुस्ती छापा म्हटलं. छापू म्हणाले, पुढच्या दिवाळीत, जागा उरली तर.