रशियन भाषकांचा इंग्रजी शब्दसंग्रह: दिसायला सारखे आणि घडणीने सारखे

परीक्षेसाठी वरच्या पातळीचे इंग्रजी शिकणाऱ्या रशियन विद्यार्थ्याकडे शब्दांची वानवा असते, हा सर्वसाधारण समज मला पटत नाही. लॅटिन-फ्रेंच कुळातले कितीतरी शब्द रशियन भाषेत केव्हाच स्थायिक झाले आहेत, त्यामुळे इंग्रजी उताऱ्यातले अवघड भासणारे अनेक शब्द त्याला पाहताक्षणी ओळखीचे वाटतात. घोळ होतो तो या ओळखीमुळेच. अशा फसव्या जोड्यांना रशियनमध्ये ‘लोझ्निये द्रुझ्या पेरेवोद्चिका’, म्हणजे ‘अनुवादकाचे खोटे मित्र’, असे म्हणतात. खोट्या मित्रांची ही कल्पना केसलर आणि देरोक्विन्यी या फ्रेंच लेखकांनी १९२८ साली रूढ केली.

‘अक्तुआल्नी’ हा शब्द घ्या. रशियनमध्ये त्याचा अर्थ आजच्या घडीला महत्त्वाचा, सध्या ऐरणीवर असलेला. विद्यार्थी निबंधात ‘पोल्यूशन इज ॲन ॲक्च्युअल प्रॉब्लेम’ असे लिहितो तेव्हा त्याला ‘प्रदूषण हा आजचा ज्वलंत प्रश्न आहे’ असे म्हणायचे असते; इंग्रजी वाचकाला मात्र ‘प्रदूषण हा खराखुरा प्रश्न आहे’ एवढेच कळते. वाक्य व्याकरणात बसते, अर्थही काहीतरी लागतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस येत नाही. त्या जागी ‘टॉपिकल’, ‘प्रेसिंग’ किंवा साधे ‘रेलेव्हंट’ हवे. आयेल्ट्‌ससारख्या परीक्षेत लेखनाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग शब्दसंपत्तीसाठी असतो, आणि शब्द नेमका बसला आहे की नाही हेही तिथे पाहिले जाते.

‘देकादा’ची गंमत याहून वेगळी आहे. रशियन देकादा दहा दिवसांची असते; मार्चची पहिली देकादा म्हणजे १ ते १० तारीख. इंग्रजी ‘डिकेड’ दहा वर्षांचे. आलेखाचे वर्णन करताना ही गल्लत झाली तर आकडे बरोबर असूनही सगळा परिच्छेद कोलमडतो. ‘अक्कुरात्नी’ म्हणजे नीटनेटका, ‘अचूक’ नव्हे. ‘सिम्पातीच्नी’ म्हणजे दिसायला गोड, त्यात सहानुभूतीचा संबंध नाही. आणि ‘मागाझिन’ म्हणजे दुकान, हे तर नवशिक्यालाही ठाऊक असते.

माझ्या मते रशियन विद्यार्थ्याचे खरे भांडवल दिसायला अजिबात सारख्या नसलेल्या शब्दांत दडलेले आहे. युरोपीय भाषांतल्या अनेक शब्दांचे घटक सुटे करून, प्रत्येकाला स्लाव्ह प्रतिशब्द देऊन रशियनने आपले शब्द घडवले. ‘कॉन्ट्राडिक्शन’मध्ये ‘विरुद्ध’ आणि ‘बोलणे’ आहे, ‘प्रोतिवोरेचिये’मध्येही तेच आहे. ‘इम्प्रेशन’मध्ये ‘आत’ आणि ‘दाबणे’ आहे, तर ‘व्पेचात्लेनिये’मध्ये ‘आत’ आणि ‘पेचात’, म्हणजे ठसा. सर्वांत सुरेख उदाहरण ‘सर्कमस्टन्स’चे: भोवती आणि उभे राहणे. रशियन ‘ओब्स्तोयातेल्स्त्वो’ याच दोन घटकांचे, आणि आपला ‘परिस्थिती’ हा शब्दही ‘परि’ आणि ‘स्था’ यांचाच. लॅटिन ‘स्तारे’, रशियन ‘स्तोयात’ आणि संस्कृत ‘स्था’ हे तर एकाच मूळ धातूचे वारस आहेत. इंग्रजी शब्दाचे उपसर्ग सुटे करायची सवय लागली की अपरिचित शब्दाचाही निम्मा अर्थ हाती येतो.

उपसर्गांचा हा आधार नकाराच्या बाबतीत मात्र अपुरा पडतो. रशियात २००९ पासून देशभर लागू असलेल्या ‘येगेए’ या शालान्त परीक्षेत इंग्रजी घेणाऱ्यांना ओळीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत दिलेल्या शब्दापासून योग्य रूप बनवावे लागते. ‘ऑनेस्ट’ दिले असेल तर आधी वाक्याला नकार हवा आहे हे ओळखायचे, मग कोणता उपसर्ग लागेल ते ठरवायचे. रशियनला बहुतेक ठिकाणी एकटा ‘ने’ पुरतो: नेचेस्त्नी, नेलोगिच्नी, नेवेझ्लिवी. इंग्रजीत तिघांची वाट वेगळी: डिसऑनेस्ट, इलॉजिकल, इम्पोलाइट. ‘एल’पूर्वी ‘इल’ आणि ‘पी’पूर्वी ‘इम’ हा ध्वनीचा नियम बऱ्याच अंशी सांगता येतो, पण ‘डिस’ की ‘अन’ हे पाठच करावे लागते.

एका ठिकाणी मात्र रशियनच अधिक काटेकोर आहे, आणि शिक्षकांनी याचा लाभ घ्यावा असे वाटते. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांतला भेद रशियन विद्यार्थ्याला समजावण्यात वेळ घालवू नये, कारण त्याच्याकडे तीन शब्द आहेत: अर्थव्यवस्थेविषयी ‘एकोनोमिचेस्की’, कमी इंधनात चालणाऱ्या गाडीसाठी ‘एकोनोमिच्नी’ आणि काटकसरी माणसासाठी ‘एकोनोम्नी’. पहिल्याची जोडी ‘इकॉनॉमिक’शी लावावी, उरलेल्या दोघांना ‘इकॉनॉमिकल’ चालते, माणसासाठी ‘थ्रिफ्टी’ही. याउलट ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोघांनाही रशियनमध्ये एकच ‘इस्तोरिचेस्की’ असल्याने वेळ द्यायचा तो इथे.