सायनसचं ऑपरेशन म्हटलं की सगळे घाबरवतात काऊन?

तर्री_पोहे: मोठ्या भावाला जुनाट सायनस आहे. स्प्रे झाला, मिठाच्या पाण्याने नाक धुणं झालं, सीटी स्कॅनमध्ये सायनस दोन्हीकडे भरलेलंच, आता धंतोलीतल्या ईएनटीने (नाक-कान-घशाच्या डॉक्टरने) दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं तर घरात सगळे म्हणून राहिले की आणखी एक अँटिबायोटिकचा कोर्स करून पाहा. अरे बाप्पा, नेमकं हेच इंग्लंडच्या मॅक्रो ट्रायलमध्ये तपासलं, २०२५ ला लॅन्सेटमध्ये आलं. पाचशेच्या वर पेशंट, स्प्रे अन नाक धुणं सगळ्यांनाच, वरून काहींचं ऑपरेशन, काहींना ३ महिने क्लॅरिथ्रोमायसिन, काहींना नुसती औषध नसलेली खोटी गोळी. ६ महिन्यांनी ऑपरेशनवाले बरेच पुढे, अन अँटिबायोटिक खोट्या गोळीच्या बरोबरीत!

महालचा_बंड्या: सहाच महिने ना राजा? पॉलिप म्हणजे नाकात वाढलेलं मांस परत येते, आमच्या मामीचं ऑपरेशन दोनदा झालं. अन ज्याचं ऑपरेशन झालं त्याला ते माहीत असते, प्रश्नावलीत तो बरं वाटते असंच लिहीन. खोटी गोळी देता येते, खोटं ऑपरेशन कुठून आणसान?

तर्री_पोहे: पॉइंट आहे, पण मग अँटिबायोटिकचं काय? त्यावर काही बोलला नाहीस.

खामल्याची_ताई: मी मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर असते, मी बोलते. सर्दीला चार दिवस झाले नाही की ॲझिथ्रो, म्हणजे अँटिबायोटिक, द्या म्हणतात, अरे ती बहुतेक व्हायरलच असते, १२ आठवड्यांच्या वर चाललं तर जुनाट म्हणतात. त्याहून डेंजर म्हणजे नाक मोकळं करायचे थेंब, शर्टाच्या खिशात बाटली घेऊन फिरतात लोकं, महिनोन्महिने घालतात अन मग त्या थेंबानंच नाक चोंदते. आधी ते सोडवा, ऑपरेशनचं नंतर पाहू.

कूलर_मास्तर: अर्ध्या नागपूरचा सायनस म्हणजे धूळ अन कूलरच्या जुन्या ताट्या. जलनेती करा, सगळं बंद होते. ऑपरेशन म्हणजे निव्वळ बिल.

तर्री_पोहे: मास्तर, स्प्रे अन धुण्याने फरक पडला नाही असेच लोक त्या ट्रायलमध्ये घेतले होते. ऑपरेशनमध्ये सायनसची बारीक तोंडं मोठी करतात, म्हणजे नंतर औषध आतपर्यंत पोचते, धुणं काही सुटत नाही.

खामल्याची_ताई: अन मास्तर, जलनेतीला पाणी उकळून थंड केलेलंच घ्या, डायरेक्ट नळाचं नको. शुगरवाल्याचा चेहरा दुखला, सुजला, नाकातून काळं आलं तर घरी धुवत बसू नका, २०२१ ला म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, नागपुरात काय केलं ते विसरले का?

महालचा_बंड्या: मी अजूनही नाहीच म्हणतो. पॉलिप आहे की नाही, दमा आहे का, हे विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका. दम्यासोबत पॉलिप असला की परत यायचा चान्स जास्त. सीटी घेऊन मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दाखव एकदा, सकाळी लवकर जा फक्त, लाइन लय असते.