विरजाहोम, प्रैष आणि दीक्षा

प्रश्न : कुंभमेळ्याच्या बातम्यांत 'संन्यासदीक्षा' असे वाचतो. एका चरित्रात 'विरजाहोम करून संन्यास घेतला' असे आहे, तर दुसऱ्यात 'प्रैषोच्चार केला'. तिन्हींचा अर्थ एकच धरावा का?

उत्तर : नाही. विरजाहोम ही शुद्धी आहे. विरजा म्हणजे रज, मळ गेलेली. महानारायणोपनिषदातल्या 'ज्योतिरहं विरजा विपाप्मा भूयासं स्वाहा' या पालुपदाने प्राण, वाणी, त्वचा, मांस अशा एकेकाच्या शुद्धीसाठी आहुती देतात. त्याआधी अष्टश्राद्ध असते. देव, ऋषी, पितर करत करत आठवे श्राद्ध स्वतःचे. जिवंतपणी स्वतःचा पिंड द्यायचा! या एका विधीपुढे बाकीचे सारे मला फिके वाटते.

संन्यास मात्र प्रत्यक्ष घडतो तो प्रैषाने. प्र + इष्, म्हणजे पाठवणे, प्रेरणे. श्रौत म्हणजे वैदिक यज्ञात एका ऋत्विजाने (पुरोहिताने) दुसऱ्याला दिलेली आज्ञा म्हणजे प्रैष. इथे आज्ञा देणाराही तोच आणि निघणाराही तोच. भूः, भुवः, सुवः यांसह 'संन्यस्तं मया' असे तीनदा म्हणायचे, आधी हळू, मग मध्यम, मग मोठ्याने. त्यानंतर सर्व प्राणिमात्रांना अभय द्यायचे.

प्रैषच निर्णायक, याला आधार आतुरसंन्यासाचा, म्हणजे मरणाच्या दारात घेतलेल्या संन्यासाचा. मरणोन्मुख माणसाला होमहवन कुठले जमणार? जाबालोपनिषद म्हणते, त्याने मनाने किंवा वाणीने संन्यास करावा. म्हणजे होम गळला तरी चालतो, त्यागाचा संकल्प गळत नाही.

शिखा आणि जानवे टाकणे हे सर्वांचे लक्षण नव्हे. शंकराचार्यांच्या परंपरेतले, एकच दंड (काठी) धरणारे दशनामी ती टाकतात; रामानुजाचार्यांच्या परंपरेतले, तीन दंड धरणारे त्रिदंडी ठेवतात. गिरी, पुरी, भारती, सरस्वती ही नावे दशनामींची.

आणखी एक : 'दीक्षा' शब्द रूढ आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण सोमयागातली (सोमरसाच्या वैदिक यज्ञातली) दीक्षा अवभृथ या समाप्तीच्या स्नानाने संपते, यजमान घरी परततो. संन्यासाला असे समाप्तीचे स्नानच नाही. म्हणून परतणाऱ्यासाठी वेगळा, कठोर शब्द आहे : आरूढपतित, म्हणजे वर चढून खाली पडलेला. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संन्यासातून संसारात परतले असे परंपरा सांगते, तरी समाजाने मानले नाही आणि ज्ञानदेवादी भावंडांना 'संन्याशाची पोरे' म्हणून मुंज नाकारली.