व्हाळावर दिसलेली हिरव्या पंखांची टाचणी कोणती?

सावंतवाडीकर: दिवाळीत गावी गेलो होतो, आंबोलीच्या पायथ्याला. घरामागच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडावर एक काळपट टाचणी (चतुरासारखा नाजूक कीटक) बसलेली, मी म्हटलं असेल काहीतरी साधीच, आणि तिने पंख उघडले तर एकदम झगझगीत हिरवं, परत मिटले की गायब! शेजारीच तपकिरी पंखांची एक होती, पंखावर पांढरा ठिपका. दोन वेगळ्या जाती का? फोटो काढेपर्यंत उडाल्या.

ओढ्याकाठी: वा, नशीबवान आहात! ही न्यूरोबेसिस, इंग्रजीत स्ट्रीम ग्लोरी म्हणतात. जात एकच, हिरवा तो नर आणि ठिपकेवाली मादी. नराचे पुढचे दोन पंख पारदर्शक असतात, हिरवे फक्त मागचे, तेही वरच्या बाजूने, म्हणून मिटल्यावर काहीच दिसत नाही. न्यूरोबेसिस या गटात बऱ्याच जाती आहेत, पार न्यू गिनीपर्यंत, पण आपल्याकडे ही एकच, न्यूरोबेसिस चायनेन्सिस. नाव चिनी असलं तरी आपल्या सह्याद्रीतलीच हो, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये 'चायनेन्सिस' हे जातीचं नाव दिलं तेच चालू आहे.

भिंगवाली: आणि गंमत म्हणजे पंखात हिरवं रंगद्रव्य नसतंच. पातळ पातळ थर एकावर एक असतात, त्यांच्यावरून उजेड परततो तेव्हा आपल्याला हिरवं दिसतं, थोडं मोरपिसासारखंच, म्हणून तिरकं बघितलं की निळसर झाक येते. मादीपुढे मिरवताना नर मागचे पंख पसरून स्थिर धरतो आणि नुसत्या पुढच्या पंखांवर उडतो, मी तासभर बसून बघितलंय, जागचं हलवेना.

सावंतवाडीकर: काय सांगता! पण आता काळजी वाटतेय, गावात व्हाळ साफ करायचं चाललंय, जेसीबी लावून. परत दिसतील ना?

ओढ्याकाठी: गाळ काढा पण काठची झाडं आणि पाण्यातली मुळं, पाणवनस्पती सरसकट उपटू देऊ नका. मादी त्यातच अंडी घालते, पिल्लंही वाहत्या पाण्यात त्यालाच धरून वाढतात. निदान एका काठाला हात लावू नका म्हणावं.

सावंतवाडीकर: रविवारी बैठक आहे, काकांना आत्ताच फोन लावतो.