'ड्यूड' शब्द नेमका आला कुठून?

तळटीप (धागाकर्ती)

अमेरिकन मालिकेचे मराठी सबटायटल्स करते आहे. कथा तीन काळांत चालते: १८८० च्या दशकातलं न्यूयॉर्क, १९२० च्या दशकातलं वायोमिंग आणि १९८० च्या दशकातलं कॅलिफोर्निया. 'ड्यूड' तिन्हीत येतो. न्यूयॉर्कमध्ये तो ऐकून माणूस चिडतो, वायोमिंगमध्ये गुराखी हसतात आणि कॅलिफोर्नियात पोरं दर वाक्याला एकमेकांना ड्यूड म्हणतात.

नेटवर ठिकठिकाणी लिहिलंय की मूळ अर्थ 'हत्तीच्या पार्श्वभागावरचा केस' असा होता. दुसरीकडे जर्मन मूळ दिलंय. बरेच जण १८८३ साल सांगतात, पण गुगल बुक्समध्ये शोधलं तर १७०० च्या आसपासच्या पुस्तकांतही शब्द सापडतो. खरं काय? आणि एकाच शब्दाच्या तीन तऱ्हा झाल्या कशा?

जुनी_छापील_पानं

हत्तीचा केस सोडून द्या, ती नेटवरची थाप आहे. कुठल्याही जुन्या छापील मजकुरात या अर्थाने शब्द आलेला नाही. जर्मन 'डूडनकॉप्फ' (मठ्ठ माणूस) आणि कपडे या अर्थाचा इंग्रजी 'डड्स' ही दोन्ही मुळं जुन्या कोशांत होती. पण त्यांच्यापासून १८८३ च्या न्यूयॉर्कपर्यंत यायला मधला एकही दुवा मिळत नाही.

आज सगळ्यात भक्कम मांडणी शब्दांचा इतिहास शोधणारे गेराल्ड कोहेन आणि बॅरी पोपिक यांची आहे. अनेक वर्षं वर्तमानपत्रं चाळून 'कॉमेंट्स ऑन एटिमॉलॉजी' या नियतकालिकात २०१३ मध्ये त्यांनी ती मांडली. त्यांच्या मते 'यँकी डूडल' या जुन्या अमेरिकन गाण्यातल्या 'डूडल'चं 'डूड' झालं. गाण्यातला तो गावठी माणूस टोपीत पीस खोवतो आणि त्याला 'मॅकरोनी' म्हणतो. मॅकरोनी म्हणजे अठराव्या शतकातला अतिफॅशनेबल इंग्रज. फॅशनची नक्कल करायला जाऊन हसं होणारा अमेरिकन, हा भाव तिथे आधीपासूनच आहे.

शब्द एकाएकी पसरला त्याचं निमित्त म्हणजे रॉबर्ट सेल हिल यांची ड्यूडवरची कविता. ती १४ जानेवारी १८८३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आली. फेब्रुवारी संपायच्या आत 'ब्रुकलिन ईगल' लिहितं की नवा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, पण स्पेलिंग अजून ठरलेलं नाही. त्याआधीचा एक विखुरलेला उल्लेख चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टन यांच्या १८७७ च्या पत्रात आहे. म्हणजे शब्द हिल यांनी घडवला असं म्हणता येत नाही. तो उचलून धरला गेला तो मात्र १८८३ मध्येच.

तेव्हाचा ड्यूड कसा होता? घट्ट पँट, टोकदार बूट, गळा आवळणारी उंच कॉलर, हातात छडी, तोंडात सिगारेट आणि बोलण्यात उसनं इंग्लंड. ऑस्कर वाइल्ड १८८२ मध्ये अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरले होते, त्यामुळे असल्या तरुणांची चेष्टा करायला वर्तमानपत्रं टपलेलीच होती. 'डँडी' (शौकीन, टापटीप पुरुष) या शब्दात थोडं कौतुक असतं, ड्यूडमध्ये तेव्हा निव्वळ हेटाळणी होती. तुमचा माणूस चिडतो ते म्हणूनच.

स्कॅनवाचक

१७०० च्या पुस्तकांचं कोडं सोपं आहे, पण त्यात भलेभले फसतात.

स्कॅन केलेलं पान वाचताना यंत्र रोमन 'सी' आणि 'एल' ही चिकटलेली अक्षरं 'डी' समजतं. ओळीच्या शेवटी 'कन्क्लूड' किंवा 'इन्क्लूड' तुटला, की पुढची ओळ 'क्लूड'ने सुरू होते आणि यंत्राला तिथे 'ड्यूड' दिसतो. जुन्या छपाईत शब्द असे सर्रास तोडत. एनग्रॅमचा (गुगल बुक्समध्ये शब्द कोणत्या साली किती वेळा आला ते दाखवणारा) आलेख त्याच यंत्रवाचनावर उभा असल्याने १८८० च्या आधीचे त्याचे उंचवटे विश्वासाचे नाहीत. अनेकवचन शोधूनही सुटका नाही, कारण 'इन्क्लूड्स' तिथे हजर असतो.

उपाय असा. शब्द एकटा न शोधता आधी आर्टिकल लावून, अवतरणचिन्हांत शोधा: 'अ ड्यूड', 'द ड्यूड'. तुटलेल्या क्रियापदाआधी आर्टिकल येत नाही, त्यामुळे बहुतेक कचरा तिथेच गळतो. सोबत 'डी-ओ-ओ-डी' हे स्पेलिंग आणि 'ड्यूडीन' हे तेव्हाचं स्त्रीलिंगी रूपही शोधा. प्रत्येक निकालाचं मूळ चित्र उघडून वरच्या ओळीच्या शेवटी जोडरेघ आहे का बघा. नियतकालिक असेल तर गुगलने दिलेलं साल मानू नका. कित्येकदा ते मालिकेच्या पहिल्या अंकाचं असतं. खरं साल पानाच्या डोक्यावर किंवा मुखपृष्ठावर मिळतं.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिक्लिंग अमेरिका' मोफत आहे. राज्य न्यूयॉर्क आणि काळ १८८२-८३ एवढाच ठेवा. 'सन' आणि 'ट्रिब्यून' त्यात आहेत. अर्थांच्या तारखांसाठी 'ग्रीन्स डिक्शनरी ऑफ स्लँग' ऑनलाइन मोफत आहे. तिथे प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणं मिळतात.

पश्चिमवारा

वायोमिंगचं सांगतो. पूर्वेकडचा नटवा पश्चिमेत गेला की तो फक्त 'शहरी, अडाणी पाहुणा' उरतो. त्याला घोड्याचं खोगीर कसायला येत नाही, एवढं गुराख्यांना पुरतं. याच अर्थावर पुढे एक धंदा उभा राहिला. पिट्सबर्गचे ईटन बंधू डकोटात मेडोराजवळ रँच (गुराढोरांचा मोठा मळा) चालवत. भेटीला येणारे मित्र लांबत राहिले, तेव्हा त्यांनी राहण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. १९०४ मध्ये ते वायोमिंगला वुल्फ इथे गेले. १९२६ मध्ये ड्यूड रँचर्स असोसिएशन निघाली. तिला नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा पाठिंबा होता, कारण पाहुणे रेल्वेनेच येत.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या काळात ड्यूड ही शिवी समजू नका. रँचवर त्याचा अर्थ 'पैसे देऊन राहणारा पाहुणा' असा होता आणि पाहुणे स्वतःलाही ड्यूड म्हणवत. गुराखी हसतात ते त्याच्या घोड्यावर बसण्याला.

तळटीप

फार उपयोगी पडलं, मनापासून आभार. पण रँचवरून कॅलिफोर्नियाच्या पोरांपर्यंत शब्द पोचला कसा?

जुनी_छापील_पानं

रँचवरून पोचलाच नाही. तो अर्थ आपल्या जागी राहिला. 'ड्यूड रँच' आजही आहेत. कॅलिफोर्नियाची वाट शहरांतून जाते. १९३०-४० च्या दशकांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन तरुण झूट सूट घालत: लांब कोट, भरीव खांदे, घोट्याशी आवळलेली पँट. त्यांच्यात ऐटबाज कपड्यांचा माणूस तो ड्यूड, आणि म्हणून आपल्यातलाच तो. हेटाळणी गळाली ती इथे, आणि याचं श्रेय त्यांना फार क्वचित दिलं जातं. तिथून शब्द साठच्या दशकात सर्फर आणि हिप्पींकडे गेला. १९६९ च्या 'ईझी रायडर' चित्रपटात एका पात्राला ड्यूडचा अर्थ समजावून सांगावा लागतो. म्हणजे तेव्हा सर्वसाधारण अमेरिकन प्रेक्षकाला तो अजून सवयीचा नव्हता. कपड्यांचा जुना अर्थ 'ड्यूडेड अप', म्हणजे नटूनथटून, यात टिकून आहे.

बोलीभान

तिसऱ्या काळासाठी भाषाशास्त्रज्ञ स्कॉट कीसलिंग यांचा २००४ चा 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातला लेख जरूर वाचा. त्यांच्या मते तरुण पुरुष हा शब्द जवळीक दाखवायला वापरतात, पण ती फार उघडी पडणार नाही इतपतच. बायकाही वापरतात, विशेषतः आपापसांत. आईवडिलांना किंवा साहेबाला सहसा कोणी ड्यूड म्हणत नाही.

सबटायटलला याचा थेट उपयोग आहे. वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी आलेला ड्यूड बहुतेक वेळा 'अरे' किंवा 'यार'मध्ये मुरतो. अक्षरं जास्त होत असतील तर गाळा. एकटाच आणि लांबवलेला आला तर सूर ऐका: सहानुभूती असेल तर 'अरेरे', आश्चर्य असेल तर 'आयला', दटावणी असेल तर 'ए बाबा'. न्यूयॉर्कसाठी 'छानछोक्या' किंवा 'नटवा', रँचसाठी 'शहरी पाहुणा'.

शब्द तसाच ठेवायचा तर 'ड्यूड' लिहा. अमेरिकन उच्चार 'डूड' आहे, पण मराठी वाचक त्यावर अडखळेल.