अनुभव धागा : शाळेतलं वाचन आणि भेदभाव

भाचीला ३ जानेवारीच्या, सावित्रीबाई जयंतीच्या भाषणात मुक्ता साळवेबद्दल बोलायचंय, म्हणून तिचा निबंध पुन्हा काढला. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नाही, हे वाचताना आजही गलबलतं.

नववीला मी तो मोठ्याने वाचून दाखवला होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे पेशवाईतलं. आता कुठे असतं?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "माझ्या मामाच्या गावी आमचा कप बाहेर खिडकीत असतो. चहा पिऊन आपणच विसळून ठेवायचा." पुढचा धडा राहू दिला. नाव न घालता आपापल्या घरातल्या कपांबद्दल लिहा म्हटलं. एका चिठ्ठीत होतं: कामवाल्या मावशींचा कप बेसिनखाली असतो, त्याचा कान तुटलाय.

तुम्हीही लिहा.

रानजाई : आमच्या बेसिनखालीही होता. आईशी भांडून वर आणला. कुकर लावलाय, बाकी नंतर.

लातूरकर : दहावीत सरांनी 'उचल्या'तली, म्हणजे लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनातली पानं वाचली. वर्गात कुणाचे पैसे हरवले की पहिलं दप्तर एकाच मुलाचं उघडायचं, पारध्याचा म्हणून. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, तो १९५२ ला गेला. तरी दप्तर तपासणं आमच्या वर्गापर्यंत पोचलं होतं. सरांनी सांगितलं, यापुढे तपासायचं तर सगळ्यांचं, आधी माझी पिशवी. आणि टेबलावर ओतली! डबा, खडू, चष्म्याचं घर.

रानजाई : @लातूरकर सरांना नमस्कार सांगा. तो मुलगा पुढे काय करतो?

लातूरकर : एसटीत कंडक्टर आहे. लग्नाला आला होता माझ्या.

मधली सुट्टी : असं शिकवलं की पालक येतात भांडायला, 'शाळेत जात कशाला काढता'. मी त्यांना साने गुरुजींचं सांगते. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते उपोषणाला बसले. लाडक्या गुरुजींनीच जात काढली होती, मग आम्ही का नाही?

सातबारा : पंढरपूर म्हटलं की आमची आजी. वारीत कुणाच्याही पंगतीला बसायची, गावात आली की सोवळं. तिला विचारलं तर म्हणायची, वाटेवर सगळी माउलीच.

शब्बो : नवीन शाळेत डबा उघडला की बाजूची मुलगी सरकायची. मराठीच्या बाई एक दिवस माझ्याच बाकावर जेवायला बसल्या. डब्यात शेपूची भाजी होती, ती कोण खातं म्हणा 😄

रानजाई : शेपू मला द्या, शब्बो. मूगडाळ घालता का?

शब्बो : घालते. लसूण जास्त.

मधली सुट्टी : धागाकर्त्या, भाषण किती मिनिटांचं? तीनच असतील तर छपराचा भाग ठेवाच. आणि मुक्ता शाळकरी होती हे पहिल्याच वाक्यात येऊ दे, पोरं लगेच ऐकतात.